अवकलज, अवकलन की चढ? : डेरिव्हेटिव्हला मराठीत काय म्हणावं

अंबाजोगाई : पोरगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होती, आता लातूरला अकरावी सायन्स शिकायलीय. 'क्षच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह दोन क्ष' हे तोंडपाठ. पण 'दोन क्ष म्हणजे हाती काय आलं?' असं विचारलं की गप्प. मराठीतून समजावून सांगावं म्हणते, तर शब्दांचाच घोळ. कुठे अवकलन, कुठे अवकलज, एका जुन्या पुस्तकात विकलन. कशाला काय म्हणायचं?

नांदेड : ताई, अवकलन ही क्रिया. त्या क्रियेतून जे नवं फलन (फंक्शन) निघतं ते अवकलज. शेवटचा 'ज' अनुजमधलाच, जन्मलेला या अर्थाचा. क्षच्या वर्गाचं अवकलन केलं, दोन क्ष हा अवकलज मिळाला. आणि क्ष = ३ घातल्यावर जे ६ येतं, ती अवकलजाची त्या ठिकाणची किंमत. आपण तिन्हींना सरसकट 'डेरिव्हेटिव्ह' म्हणतो, म्हणून लेकरांना ६ आणि दोन क्ष यांतला फरकच कळत नाही. विकलनही चालतं, पण मला त्यात विकलांग ऐकू येतं. आवडीचा प्रश्न आहे.

'कल्' म्हणजे मोजणं. लीलावतीत बेरजेला संकलित आणि वजाबाकीला व्यवकलित म्हटलंय. अवकलनाच्या पोटात वजाबाकी असतेच, तेव्हा शब्द अगदीच परका नाही.

परभणी : सर, शब्द बरोबर असतील, पण त्या पोरीला अवकलज हा डेरिव्हेटिव्हइतकाच कोरडा लागणार. दहावीच्या भूमितीत तिने 'रेषेचा चढ' शिकलाय. स्पर्शिका आणि छेदिकाही वर्तुळाच्या प्रकरणात येऊन गेल्या. सरळ 'चढ' म्हणा की! हे सगळं पदरात असताना अकरावीत इंग्रजी आली की जणू पाटी कोरी करून नव्याने सुरुवात.

ताई, तिला क्षच्या वर्गाचा आलेख काढायला लावा. क्ष = ३ आणि क्ष = ४ या ठिकाणचे बिंदू जोडा. छेदिकेचा चढ १६ वजा ९, भागिले १, म्हणजे ७. दुसरा बिंदू ३.१ वर आणा : ९.६१ वजा ९, भागिले ०.१, उत्तर ६.१. मग ३.०१ घ्या, ६.०१ येईल. पुढचं ती स्वतःच सांगेल.

नांदेड : समजावायला चढ उत्तम, त्याबद्दल वाद नाही. पण चढ रेषेला असतो आणि सगळीकडे सारखा असतो. वक्राचा चढ जागोजागी बदलतो. प्रत्येक ठिकाणचा चढ सांगणारं जे फलन, त्याला वेगळं नाव लागतंच. शिवाय अंतराचं अवकलन केलं की वेग मिळतो, त्याला चढ कसं म्हणणार? भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणीत (११५०) ग्रहांसाठी 'तात्कालिक गती' म्हटलंय, त्या क्षणाची गती. ती काढताना ज्येच्या (साइनच्या) फरकात कोटिज्या (कोसाइन) येते हेही त्यांच्याकडे आहे. इतका नेमका शब्द घरात असून आपण 'इन्स्टंटेनियस' म्हणत अडखळतो.

अंबाजोगाई : छेदिकेचं तिला पटलं. पण आता विचारायलीय, दोन बिंदूंच्या क्षमधला फरक ह धरला आणि शेवटी ह शून्यच करायचा, तर आधी त्याने भागलं कसं?

परभणी : शाब्बास, हाच प्रश्न यायला हवा होता. 'ह शून्य केला' म्हणूच नका, 'ह शून्याकडे नेला' म्हणा. ३ + ह चा वर्ग ९ + ६ह + हचा वर्ग. ९ वजा करा, हने भागा. ह शून्य नाही तोवर भागाकार चालतो आणि उरतं ६ + ह. आता ह शून्याकडे गेला की हे ६ कडे जातं. त्या ६ ला सीमा म्हणायचं. ३ च्या जागी क्ष ठेवून हेच करा, दोन क्ष येईल. 'घात पुढे आणा, घातातून एक वजा करा' हा नियम त्यानंतर शिकवावा. क्लासवाले पहिल्याच दिवशी तोच देऊन मोकळे होतात.

पैठण : आमच्याकडे पावसाळ्यात रोज अवकलजच वाचतात. जायकवाडीचा साठा टीएमसीत येतो, ते झालं फलन. आवक आणि विसर्ग क्युसेकमध्ये येतात. आवकेतून विसर्ग वजा केला की साठा बदलण्याचा दर मिळतो. (बाष्पीभवन आणि कालव्यांचं पाणी तूर्त सोडा.) टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. ११,५७४ क्युसेकची निव्वळ आवक दिवसभर टिकली, तर साठा सुमारे एक टीएमसीने वाढतो. माझं मत 'दर'ला. चढ आलेखाला, वेग गतीला, पण दर कुठेही चालतो.

अंबाजोगाई : दर म्हटल्यावर पोरगी पटकन म्हणाली, 'म्हणजे आवक आणि विसर्ग सारखे झाले की अवकलज शून्य!' पण मग स्थिर संख्येचं अवकलन शून्य येतं, ते यामुळेच का? तिला वाटायचं, ५ चं शून्य होतं म्हणजे ५ नाहीसा होतो.

पैठण : यामुळेच. साठा ५ टीएमसीवर थांबला काय किंवा ७० वर थांबला काय, दर दोन्हीकडे शून्यच. धरणात किती पाणी आहे ते अवकलजावरून कळत नाही. त्यासाठी कुठल्या तरी एका दिवसाचा साठा माहीत असावा लागतो. बारावीत समाकलन, म्हणजे अवकलनाची उलटी क्रिया, करताना उत्तरापुढे 'अधिक क' लिहावं लागतं, ते त्याचसाठी.