मदत हवी आहे : आजी-आजोबांचे अंगठे उमटत नाहीत, आयुष्मान कार्ड कसं काढायचं?

नमस्कार मंडळी. पंचवटीत फुलेनगरच्या एका गल्लीत आम्ही पाच-सहा जणी ज्येष्ठांचा कट्टा चालवतो. पत्र्याची खोली, दोन सतरंज्या, चहा, भजन आणि पत्त्यांवरून भांडणं (तीच जास्त).

७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं ठरवलं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, उत्पन्नाची अट नाही, म्हणून सगळे हौसेने केंद्रावर गेले. पण जन्मभर धुणीभांडी नि द्राक्षबागेत मजुरी केलेल्यांच्या बोटांवर रेघा उरल्यात कुठे? यंत्र ठसा घेईना. आधारला मोबाइल जोडलेला नाही, म्हणून ओटीपीही नाही. एक आजी तीनदा रिक्षाभाडं घालवून आल्या. आता म्हणतात, "राहू दे गं पोरी, मी कुठं आजारी पडते!" चार पावलं चालल्या की दम लागतो, ते वेगळंच.

चेहऱ्यावरून किंवा डोळ्यांवरूनही ओळख पटवता येते ना? नाशकात हे न कंटाळता करून देणारं केंद्र कुणाला माहीत आहे का? वस्तीत येऊन कुणी करून देईल तर फारच बरं. एकूण १३ जण आहेत, त्यातल्या दोघांना घराबाहेरच पडवत नाही. चहा आमच्याकडून.