शब्दचर्चा : ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : पावसाळ्यात हवामान विभागाच्या अंदाजात ‘मुंबईत तुरळक ठिकाणी मुसळधार पावसाची शक्यता’ असे वाक्य वारंवार येते. पाऊस तुरळक असेल तर मुसळधार कसा, असे आमच्या सोसायटीत पुष्कळांना वाटते. या शब्दांची संगती कशी लावावी?

उत्तर : इथे ‘तुरळक’ हे विशेषण पावसाचे नसून ठिकाणांचे आहे. ‘तुरळक वस्ती’ म्हणताना घरे विरळ आहेत एवढेच आपण सांगतो. त्यांतले एखादे घर चौसोपी वाडाही असू शकतो. हवामानशास्त्रात या शब्दाला ठरावीक माप आहे. अंदाजाच्या क्षेत्रातील पर्जन्यमापन केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, २६ ते ५० टक्के केंद्रांवर असेल तर ‘काही ठिकाणी’ असे म्हणतात आणि पुढे याच रीतीने व्याप्ती चढत जाते. ‘मुसळधार’ मात्र पावसाची खोली सांगतो : २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस मुसळधार, तर ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर अति मुसळधार.

मुंबईकरांनी तरी हा भेद विसरू नये. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा त्याच शहरातल्या कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. (हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे मोजतात, म्हणून २६ तारखेचा तो पाऊस नोंदवहीत २७ जुलैच्या रकान्यात सापडतो.) कुलाब्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला अंदाज चुकला असे वाटू शकते आणि कुर्ल्यात गळाभर पाण्यात उभ्या असलेल्याला तो अपुरा वाटू शकतो. म्हणूनच बातमीचा मथळा करताना ‘ठिकाणी’ हा शब्द गाळून नुसते ‘तुरळक पाऊस’ लिहिणे मला गंभीर चूक वाटते, कारण छत्री न घेता निघणाऱ्याला आणि मिठी नदीकाठच्या वस्तीला त्यातून चुकीचा दिलासा मिळतो.

पुरवणी प्रश्न : मग ‘अतिवृष्टी’ कधी म्हणावे?

उत्तर : इथे शब्द एक आणि मापे दोन आहेत. राज्याच्या महसूल यंत्रणेत एखाद्या महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पीकनुकसानीचे पंचनामे त्यावरून सुरू होतात. हवामानाच्या बातम्यांत मात्र हाच शब्द बहुधा २०४.४ मिलिमीटरच्या पुढच्या पावसाला लावतात. म्हणजे विदर्भातल्या शेतकऱ्याची अतिवृष्टी मुंबईच्या बातमीत केवळ ‘मुसळधार’ ठरते. दोन्ही वापर आपापल्या जागी योग्य आहेत. पण लिहिताना आकडा सोबत द्यावा, निदान कोणते माप अभिप्रेत आहे ते तरी सांगावे. ‘ढगफुटी’ त्याहून वेगळी : छोट्याशा परिसरात तासाभरात १०० मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तरच ती ढगफुटी. दिवसभर संततधार लागून तेवढाच पाऊस साठला, तर त्याला तो शब्द लावू नये.