मन अस्वस्थ असताना रोजचं आत्मपरीक्षण करावं का?

मोहरीचा_दाणा
चर्चमध्ये कुणी 'झोप लागत नाही, जीव घाबरतो' म्हणालं की 'प्रार्थना वाढवा' हे ठरलेलं उत्तर मिळतं. कोणती, किती वेळ, कशी, ते कुणी सांगत नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलांनी घालून दिलेलं रोजचं आत्मपरीक्षण यापेक्षा फार नेमकं आहे, आणि ते प्रत्येक धर्मग्रामात (स्थानिक चर्चच्या क्षेत्रात) शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे.

रात्री जेवणानंतर 15 मिनिटं द्यायची. अंथरुणात पडून नको, खुर्चीत बसून. आधी आभार, तेही 'आरोग्य दिलंस, घरदार दिलंस' असे मोघम नकोत. आजच घडलेल्या दोन-तीन गोष्टी घ्यायच्या. मग स्वतःकडे खरेपणाने पाहता यावं म्हणून कृपा मागायची. त्यानंतर सकाळपासूनचा दिवस तासातासाने डोळ्यांपुढून न्यायचा. मन कुठे मोकळं झालं, कुठे आक्रसलं, तिथे थांबायचं. मग क्षमायाचना आणि शेवटी उद्यासाठी एकच निश्चय. बहुतेकांचं बिघडतं ते पहिल्या दोन पायऱ्या गाळल्यामुळे. मग नुसता चुकांचा पाढा उरतो.

इग्नेशियसांचा आणखी एक नियम फार मोलाचा आहे: मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. नोकरी सोडणं, नातं तोडणं, सगळं थांबवून ठेवायचं.

दुसरी_बाजू
तीव्र विरोध. निरोगी माणसाला हे चालेल, पण चर्चमध्ये मदत मागायला येणारा बहुधा निरोगी नसतो. पापाच्या शंकेने पछाडलेल्या माणसाचा विचार करा. 'ते वाईट विचार माझेच का? कबुली पूर्ण झाली का?' शंका आली की तो मनात तपासतो, क्षणभर हायसं वाटतं, आणि शंका दुप्पट जोराने परतते. हा ओसीडीचा (नको ते विचार आणि त्यापायी पुन्हा पुन्हा तपासणी, असा मानसिक आजार) प्रकार आहे. त्यावरच्या उपचारात शंका येऊ देतात आणि तपासणी करू देत नाहीत. तुम्ही त्याला रोज रात्री तपासायला बसवताय! नैराश्यातही तेच: तिसऱ्या पायरीवर, दिवस डोळ्यांपुढून नेताना, मन स्वतःवर खटला भरतं आणि निकाल आधीच लागलेला असतो.

खुद्द इग्नेशियसच 1522 मध्ये स्पेनमधल्या मान्रेसाला अशा शंकांनी इतके पोळले होते की जीव देण्याचे विचार त्यांच्या मनात येत. आधी हे सांगा, मग पायऱ्या शिकवा.

मोहरीचा_दाणा
मान्रेसाची गोष्ट पूर्ण सांगायला हवी. शंका जाव्यात म्हणून त्यांनी आठवडाभर अन्न सोडलं. पापनिवेदन (पापांची कबुली) ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी तो उपवास मोडायला लावला. पुढे त्यांनी जुनी पापं पुन्हा कधीही सांगायची नाहीत असं ठरवलं आणि शंका थांबल्या. म्हणून तर त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात शंकाग्रस्तांसाठी वेगळ्या सूचना आहेत: मन जिकडे अति खेचतं, त्याच्या उलट दिशेला जायचं. अशा माणसाला मी तिसरी पायरी देणारच नाही. फक्त आभार, पाच मिनिटं. आणि पापनिवेदन एकाच धर्मगुरूंकडे, ठरलेल्या दिवशी. मध्येच फोन करून 'फादर, ते पाप माफ झालं ना?' असं विचारायची मुभा नाही.

रविवारची_उपासना
आमच्याकडे, प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये, ही पद्धत नाही, आणि मला तिची गरजही वाटत नाही. दुःखी माणसाने स्वतःच्या आत आणखी का खणावं? बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रं आहेत. 13 वं घ्या, अवघ्या सहा ओव्यांचं. आधी 'कुठवर?' असा देवालाच चार वेळा सवाल, मग मागणी, मग भरवसा. मोठ्याने वाचा. तक्रारीच्या जागी आपली तक्रार घाला, मागणी एकच ठेवा. भरवशाची ओळ तोंडातून निघत नसेल तर त्या दिवशी सोडून द्या. 88 वं स्तोत्र अंधारातच संपतं आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आमच्या मंडळ्यांची चूक इथे होते. तक्रार संपण्याआधीच 'आनंद करा' म्हणायला लावतात, आणि माणूस पुढच्या रविवारी येत नाही.

बायबलमधला संदेष्टा एलीया मरण मागतो तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर, पाणी, झोप. पुन्हा भाकर, पाणी. संवाद त्यानंतर.

दुसरी_बाजू
हे पटलं. पण झोप, भूक, कामातलं लक्ष दोन आठवडे सलग बिघडलेलं असेल, तर स्तोत्राबरोबर डॉक्टर हवाच. आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचंही नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 दिवसरात्र चालू असतो.

प्रार्थनासभांमध्ये गोळ्या बंद करायला लावतात, त्यावर कुणीतरी बोला. नैराश्यावरच्या गोळीला गुण दाखवायला काही आठवडे लागतात, ओसीडीत दोन-तीन महिनेही. मधल्या काळात सभेला गेलं, बरं वाटलं, की श्रेय सभेला आणि गोळी कचऱ्यात. अचानक सोडल्यावर चक्कर, डोक्यात विजेसारखे झटके, बेचैनी. घरचे म्हणतात, सैतानाचा हल्ला.

रविवारची_उपासना
त्या सभांमध्ये याकोबाच्या पत्राचा 5 वा अध्याय दाखवतात: आजाऱ्याने वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. उपचार सोडा, असं त्यात कुठेच नाही. येशूच्या दृष्टांतातला चांगला शोमरोनी जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारसच ओततो. प्रेषित पौल आपला सहकारी तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. 'विश्वास कमी पडला' असं म्हणत नाही. पाळकांनी हे व्यासपीठावरून, नाव घेऊन सांगितलं पाहिजे: गोळी डॉक्टरांनीच बदलायची.

मोहरीचा_दाणा
सहमत. कॅथलिकांनी त्यांच्या बायबलमधल्या सिराकच्या ग्रंथाचा 38 वा अध्याय वाचावा. वैद्य आणि औषध दोन्ही देवानेच निर्माण केलेत, असं तिथे स्पष्ट आहे. आत्मपरीक्षण मात्र मी सोडणार नाही. उपवासकाळात (ईस्टरआधीच्या 40 दिवसांत) सगळ्यांना एकत्र शिकवलं तर सवय लागते.

दुसरी_बाजू
उपवासकाळात तर मुळीच नको! 40 दिवस प्रत्येक प्रवचनात पाप ऐकणाऱ्या शंकाग्रस्ताला त्यात आणखी तपासणी? आगमनकाळात (नाताळआधीच्या आठवड्यांत), आभाराच्या पायरीपासून सुरू करा, आणि एकेकाशी आधी बोलून. शिवाय लिथियम (मनःस्थितीतले टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्याला पाणी किंवा मीठ तोडणारा उपवास धरू देऊ नका. शरीरातलं पाणी घटलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात कापणं, उलट्या, तोल जाणं सुरू झालं तर तडक रुग्णालय गाठायचं.