दोन नंबर मशीन मारली म्हणजे प्रश्न सुटला का? (कॉलेजच्या पोरांची कटिंग)

मुठाकाठचा:
काल इथे एका फर्स्ट इयरच्या मुलाने विचारलं होतं, नुकताच पुण्यात आलोय, होस्टेलला राहतो, दिसायला बरी पण रोज सकाळी वेळ घालवावा लागणार नाही अशी कटिंग सांगा. त्याला 'दोन_नंबर_मशीन' यांनी उत्तर दिलं, "सगळीकडून दोन नंबर मार आणि मोकळा हो, बाकी सगळे नखरे, शिकायला आलायस का मॉडेलिंगला." त्यावर ढीगभर लाइक. मला गप्प बसवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

एक तर नीट दिसावंसं वाटणं हा नखरा नाही. अठरा वर्षांचा मुलगा नवीन शहरात येतो, वर्गात ओळखीचं कुणी नाही, मेसमध्ये एकटा जेवतो, आपण चारचौघांत बरे दिसतोय एवढं वाटलं तरी त्याचा दिवस सोपा जातो. त्याला शिकायला आलास का म्हणून सुनावायचं काय कारण?

दुसरं, कमी कटकट कशाला म्हणायचं हे इथे कुणी मोजतच नाही. सगळे कटिंग केल्या दिवशीचा फोटो बघतात, मी म्हणतो तिसऱ्या आठवड्यातला बघा. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. दोन नंबरचा गार्ड (मशीनच्या पात्यावर चढवतात तो कंगवा) म्हणजे केस ६ मिलिमीटर, म्हणजे दोन आठवड्यांत केस जवळजवळ दुप्पट, आणि ते चहूबाजूंनी सारखेच वाढल्यामुळे डोकं नुसतं गोल दिसायला लागतं. स्किन फेडचं (बाजू खाली कातडीपर्यंत साफ, वर जाताना केस हळूहळू वाढत जातात) त्याहून वाईट, तिथे सुरुवातच शून्यापासून, दहा-बारा दिवसांत तो उतार बुजला की पैसे गेले, तरी एफसी रोडवर पोरं तीनशे-चारशे देऊन दर पंधरा दिवसांनी तेच करून घेतात. याउलट वर पाच-सहा सेंटिमीटर ठेवून बाजू कात्रीने उतरत्या घेतल्या तर पंधरा दिवसांतली अर्धा सेंटिमीटर वाढ कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही, पाच-सहा आठवडे निघतात. आमच्या घरी श्रावणात केसांना कात्री लावू देत नाहीत आणि श्रावण संपला की लगेच गणपती. तो महिना काढून जी कटिंग बरी दिसते तीच खरी कमी कटकटीची.

दोन_नंबर_मशीन:
माझं नाव घेऊन धागा काढलाय तर सविस्तर उत्तर देतो. तुम्ही 'पाच-सहा आठवडे निघतात' म्हणता तेव्हा सलूनला दीडशे रुपये द्यायचे हे धरून चालता. मी सोलापूर जिल्ह्यातून आलो तेव्हा वडील जे पाठवायचे त्यातून खोलीभाडं आणि मेस जाऊन हातात काही उरत नव्हतं. आम्ही रूममधल्या सगळ्यांनी मिळून एक ट्रिमर घेतला आणि इंजिनिअरिंग संपेपर्यंत एकमेकांचे केस कापले. रविवारी गॅलरीत पेपर अंथरायचा, दहा मिनिटं, झालं. वाढले? परत मारा. कंगवा लागत नाही, वॅक्स नको, तेल नको, टॉवेलने पुसलं की केस वाळलेले. एनसीसीच्या परेडला कुणी बोलायचं नाही. गोल डोकं दिसतं म्हणे. दिसू दे. 'बरं दिसणं' ज्याला परवडतं त्याने जरूर करावं, पण त्याला कमी कटकटीचं म्हणू नका.

मुठाकाठचा:
पैशाचा मुद्दा आहे आणि तो मी लिहायला हवा होता असं तुम्हाला वाटत असेल तर ठीक आहे, ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याने ट्रिमर घ्यावा, मला काही म्हणायचं नाही. पण त्या मुलाने स्वस्तातली सांगा असं विचारलंच नव्हतं. त्याने बरी दिसणारी विचारली आणि तुम्ही त्याला नखरे म्हणालात. राग त्याचा आहे.

कात्री_कंगवा:
आमचं कर्वेनगरला सलून आहे, वडिलांपासून. दोघंही डोकं न बघता कटिंग सांगताय. ज्याचे केस सरळ आणि राठ आहेत त्याच्या बाजू कात्रीने दोन सेंटिमीटर ठेवल्या की ते केस खाली बसत नाहीत, कानावर साळिंदरासारखे उभे राहतात. अशाला बाजूला तीन-चार नंबर मशीन आणि वर कात्री, हेच बरं. मऊ किंवा थोडे कुरळे असतील तर मुठाकाठचा म्हणतात ते बरोबर. आणि भोवरा बघा आधी. भोवऱ्यावर केस फार आखूड केले की शेंडीसारखे उभे राहतात, मग पोरगं रोज पाणी लावून दाबत बसतं. तिथे तीन-चार सेंटिमीटर सोडायलाच पाहिजेत, नाहीतर सगळंच एकदम बारीक.

अजून एक, मानेवर चौकोनी रेघ मारून घेऊ नका. पहिले चार दिवस कडक दिसते, मग खालून केस आले की रेघ तशीच आणि तिच्याखाली खुंट. नैसर्गिक वाढ आहे तशी उतरती ठेवली तर महिनाभर कळत नाही. थिनिंगची कात्री पण जपून. दाट केस हलके करा म्हणतात आणि कारागीर मुळापासून मारतो, मग ते आखूड केस वाढताना बाकीच्यांना वर ढकलतात आणि डोकं फुगतं. हे आम्ही सांगतो पण मुलं मोबाईलवर कुठल्यातरी कोरियन नटाचा फोटो दाखवून 'असंच' म्हणतात. त्याचे केस वेगळे, तुझे वेगळे, आणि फोटोआधी त्याच्यामागे अर्धा तास माणूस उभा असतो.

मुठाकाठचा:
साळिंदराचं मान्य. माझे केस मऊ आहेत. मुद्दा तरीही तोच राहतो, वाढल्यावर कशी दिसेल ते आधी बघा.

वाघोलीकर_टँकरवाला:
केस राठ का आहेत ते पण विचारा कुणीतरी. २०२१ साली आमचं गाव महापालिकेत आलं, टॅक्स सुरू, पाणी टँकरचंच. बोअरच्या जड पाण्यात शाम्पूला फेस येत नाही, क्षार केसांवर बसतात, गावी जाऊन आठ दिवस राहिलो की माझे केस मऊ होतात आणि इथे आलो की परत काथ्या. खडकवासल्याचं पाणी पिणाऱ्यांनी आम्हाला कात्री की मशीन शिकवू नये.

दोन_नंबर_मशीन:
घ्या. म्हणजे अजून एक कारण बारीक ठेवायचं.

डोकं_महत्त्वाचं:
एवढी चर्चा झाली आणि हेल्मेटचं कुणी बोललं नाही? पुण्यात कॉलेजला जाणारा मुलगा म्हणजे टू-व्हीलर. वारज्याहून शिवाजीनगरला चाळीस मिनिटं हेल्मेट घातलं की वरचे सहा सेंटिमीटर चपटे. मग पोरं काय करतात, केस बिघडतात म्हणून हेल्मेट आरशाला अडकवतात. माझ्या वर्गातली निम्मी मुलं हेच करायची. त्यामुळे माझं मत मशीनवाल्यांना. ज्या कटिंगमुळे हेल्मेट काढून ठेवावंसं वाटतं ती कटिंगच नको.

जुना_पुणेकर:
आला हेल्मेटचा विषय. गावात वीस-पंचविसाच्या स्पीडला, खड्डे चुकवत, दर चौकात सिग्नल, तिथे हेल्मेट कशाला? २०१९ च्या जानेवारीत सक्ती केली तेव्हा आम्ही मोर्चात होतो, उगाच नव्हतो. मान दुखते, मागच्या गाडीचा हॉर्न नीट ऐकू येत नाही आणि केस तर जातातच. माझ्या मुलाला हेल्मेट घालायला लागल्यापासून दोन वर्षांत टक्कल पडायला लागलं.

डोकं_महत्त्वाचं:
काका, माझा चुलतभाऊ नवले पुलाच्या उतारावर घसरला. हेल्मेट डावीकडून फुटलं, त्याचं कॉलरबोन मोडलं, आज तो नोकरी करतो. हेल्मेट फुटलं त्या जागी त्याची कानशिलं असती. मला मोर्च्याचं कौतुक सांगू नका.

जुना_पुणेकर:
हायवेची गोष्ट गावात आणू नका. नवले पूल आणि लक्ष्मी रोड एक आहेत का? हायवेला घालावं, आम्ही कधी नाही म्हटलं?

डोकं_महत्त्वाचं:
मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये हायवे आणि गाव असा फरक कुठेच नाही, १९८८ पासून नाही. आणि वीसच्या स्पीडला पडलेला माणूस रस्त्याच्या कडेच्या दगडावर डोकं आपटूनच जातो, गाडीच्या धडकेने नाही. आमच्या सोसायटीतले गृहस्थ मंडईतून भाजी घेऊन येताना असेच गेले. तुम्ही मुलाला काय सांगताय ते बघा एकदा.

जुना_पुणेकर:
माझ्या मुलावर जाऊ नका. तुमचं वय किती आणि बोलताय कुणाशी?

पेठेतली:
दोघंही थांबा. टकलाचं चुकीचं आहे तेवढं सांगते. पुरुषांना कपाळाच्या कोपऱ्यातून आणि भोवऱ्यावर जे टक्कल पडतं ते आनुवंशिक आणि हार्मोनचं असतं, वीस-बाविसाव्या वर्षीही सुरू होतं, आणि नेमकं त्याच वयात मुलं गाडी चालवायला लागतात म्हणून दोष हेल्मेटला. न धुतलेल्या अस्तरामुळे घाम साचून कोंडा आणि खाज वाढते हे खरं, त्याला अस्तर काढून धुणं आणि आत सुती टोपी किंवा रुमाल हा उपाय आहे. दुसऱ्याचं हेल्मेट तसंच घालू नका, तसाच तो रूममधला एकच ट्रिमर न पुसता सगळ्यांच्या डोक्यावर फिरवू नका, नायटा असाच पसरतो.

आणि चपटे केस. मी केमिस्ट्री शिकते म्हणून सांगते, केस ओले असताना त्यातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना ज्या आकारात असतील त्या आकारात परत जुळतात. मुलं आंघोळ करून ओल्या डोक्यावर हेल्मेट चढवतात आणि कॉलेजला पोचेपर्यंत आत केस चपटे वाळतात. वाळवून घाला, पोचल्यावर ओला हात फिरवून मोकळे करा, बहुतेकांचे परत उभे राहतात. जेल लावलं असेल तर मात्र नाही, ते कडक होतं. आम्ही मुली इतकी वर्षं लांब केसांवर स्कार्फ आणि वर हेल्मेट घालून कॉलेज करतोय, आमचे केस कुठे जातात? तुमच्या सहा सेंटिमीटरचं एवढं दुःख कसं होतं मला कळत नाही.

मुठाकाठचा:
ओल्या केसांचं खरंच माहीत नव्हतं. मी ढोल-ताशा पथकात आहे, मिरवणुकीत आठ-नऊ तास फेटा असतो आणि सोडल्यावर केस फेट्याच्या आकाराचे, कारण आतून घामाने भिजून वाळलेले. आता कळलं. पण डोकं_महत्त्वाचं यांचा मुद्दा की लांब केसांमुळे मुलं हेल्मेट घालत नाहीत, तो मला मान्य नाही. बारीक केसवाले पण घालत नाहीत. ज्याला घालायचं नाही तो कारण शोधतो.

डोकं_महत्त्वाचं:
एक कारण तरी कमी करा मग त्याचं.

जुना_पुणेकर:
ताईंनी टकलाचं सांगितलं ते डॉक्टरांनी पण मुलाला सांगितलं होतं, ठीक आहे, ते सोडतो. सक्तीला विरोध कायम. आणि आयएसआय नसलेली हेल्मेटं २०२१ च्या जूनपासून विकायला बंदी आहे तरी रस्त्याच्या कडेला सर्रास टांगलेली दिसतात, ती आधी बंद करा, मग आमच्या डोक्याकडे बघा.

डोकं_महत्त्वाचं:
या एका गोष्टीवर तुमच्याशी सहमत आहे. ती हेल्मेटं म्हणजे नुसती प्लास्टिकची टोपी, दंड वाचवण्यापुरती.

दोन_नंबर_मशीन:
धागा कटिंगचा होता. मी माझं शेवटचं सांगतो. नखरे हा शब्द नको होता असं दोन-तीन जणांनी मेसेज करून सांगितलं. बरं, नव्हता वापरायचा. पण कोणत्याही मुलाने एकदा तरी दोन नंबर मारून बघावा असं माझं अजूनही मत आहे, डोक्याचा आकार कसा आहे, भोवरे किती आहेत, सगळं समजतं, आणि नाही आवडलं तर महिन्याभरात सेंटिमीटरभर वाढतातच, हे मुठाकाठच्यांनीच वर लिहिलंय.

मुठाकाठचा:
सहा मिलिमीटरपासून सहा सेंटिमीटरपर्यंत यायला चार-पाच महिने लागतात, आणि त्यातले मधले दोन महिने केस ना धड आखूड ना धड लांब, हे तुम्ही कुणाला सांगत नाही. नवीन मुलाचं पहिलं अख्खं सेमिस्टर त्यात जातं. बाकी ठीक.

कात्री_कंगवा:
तो मुलगा वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहितो, बाकीचे भांडत बसा. सलूनमध्ये कटिंगचं नाव सांगू नको, कारागिरागणिक नावाचा अर्थ बदलतो. तीन गोष्टी सांग. किती दिवसांनी परत येणार ते. गाडीवर हेल्मेट घालतोस का ते. आणि सकाळी केसांना काही लावतोस का. 'दादा, दीड महिना येणार नाही, हेल्मेट असतं, काही लावत नाही' एवढं म्हटलंस की चांगला कारागीर बाजू तीन-चार नंबरने किंवा कात्रीने उतरत्या घेईल, वर पाच सेंटिमीटरच्या आसपास ठेवेल, पुढचे केस भुवयांच्या बरेच वर थांबवेल म्हणजे हेल्मेटमधून डोळ्यात येत नाहीत, आणि मान नैसर्गिक सोडेल. कल्ले कानाच्या मध्यापर्यंत. केस धुऊन, वाळवून, नेहमी जसे असतात तसेच घेऊन ये, तेल चोपडून आलास तर केस कसे पडतात ते आम्हाला कळत नाही. नवीन ब्लेड तुझ्यासमोर लावायला सांग, त्यात लाजायचं काही नाही. आणि रविवारी सकाळी नको, तेव्हा बाहेर दहा जण बसलेले असतात आणि कारागिराचा हात घाईत असतो. सोमवारी आमच्याकडे बंद. मंगळवार-बुधवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर ये.