येळवशीची भज्जी विकत आणली तर पांडव कोपतील का?

औशाची सून

१९ डिसेंबर २०२५ ला, शुक्रवारी येळवस. बाहेरच्यांसाठी सांगते: मार्गशीर्षातली अमावास्या, म्हणजे वेळा अमावास्या. लातूर-धाराशिव भागात त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. कडब्याच्या खोपटात, म्हणजे कोपीत, पाच दगड पांडव म्हणून पूजायचे आणि भज्जी खायची, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची बेसन लावलेली आंबट भाजी. कलेक्टर स्थानिक सुट्टी देतात. दुपारी बारा वाजता लातूरच्या गंजगोलाई बाजारपेठेत संचारबंदी लागल्यासारखं वाटतं.

काल घरात मी एवढंच म्हणाले, "यंदा भज्जी आणि पोळ्या बाहेर सांगू या का?"

सासूबाई गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दीर म्हणाले, "मग शेतात तरी कशाला जायचं, हॉटेलातच बसू." थोरल्या जाऊबाई भांडी विसळता विसळता हसल्या, पण माझ्या बाजूनं की माझ्यावर ते कळलं नाही.

आमच्याकडे चाळीस पानं असतात. आदल्या संध्याकाळपासून सोलणं: तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, वाटाणा, पावटा. मग मेथी, चुका, कांद्याची पात निवडायची. अंबिलीचं ताक आधीच आंबायला ठेवलेलं असतं. पहाटे तीनला उठायचं. चाळीस जणांच्या भज्जीत बेसन लावताना गुठळ्या होऊ न देता हलवत राहणं काय असतं, ते हलवणाऱ्या खांद्याला विचारा. शिवाय बाजरीचे उंडे, कोंदीच्या पोळ्या, भरीत, गव्हाची खीर. आठ वाजता पुरुष मंडळी अंघोळ करून विचारतात, "झालं का?"

शेतात गेल्यावर वाढायचं आम्हीच. आम्ही जेवतो साडेतीनला. गेल्या येळवशीला (३० डिसेंबर २०२४) मी कोपीला टेकून बसल्या बसल्या झोपले. तो फोटो फॅमिली ग्रुपवर अजून फिरतो आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. पांडवांचा नैवेद्य आणि अंबील घरी करू. बाकीचं विकत आणू. सण शेताचा आहे, चुलीचा नाही. एकदा तरी मला हुरड्याला आलेल्या ज्वारीत उन्हं अंगावर घेत फिरायचंय. काय चुकलं?

पुण्यातला लातूरकर

ताई, राग मानू नका, पण चुकलं. पुण्यात येळवशीची सुट्टी नसते. मी रजा टाकून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सव्वातीनशे किलोमीटर येतो, ते आईच्या हातच्या भज्जीसाठी. विकतची भज्जी आता पुण्यातही मिळते, आमच्याकडच्याच कोणीतरी केलेली. एकदा आणली होती. चव बरी होती, पण पंख्याखाली डायनिंग टेबलावर खाताना नुसती आंबट पिठलं लागली. आज भज्जी विकत, उद्या पांडव थर्माकोलचे.

औशाची सून

तुमची ट्रॅव्हल्स लातुरात किती वाजता पोचते?

पुण्यातला लातूरकर

सहा, साडेसहा. बरं, कळला टोमणा. यंदा आल्या आल्या सोलायला बसतो.

औशाची सून

सहापर्यंत भज्जी चुलीवरून उतरलेली असते हो.

कडबा पेंढी

म्या शेतकरी हाय, निलंग्याकडला. तुमी भज्जी कुणी करावी ह्यावर भांडूलालाव, हितं कोपीला कडबा कुठून आणायचा ही पंचाईत. सगळा शिवार सोयाबीनचा. सोयाबीन निघालं की हरभरा टाकायचा, मोकळं. ज्वारी कोण पेरतंय? पाखरं राखा, मग एकेक ताट उपटून काढा, त्याला माणूस मिळत न्हाई, मिळाला तर मजुरी परवडत न्हाई. मागल्या साली कोपीसाठी पाच पेंढ्या म्या इकत आणल्या. माझ्याच शेतात बसायला! तवा इकतचं आन् घरचं हे सोडा.

अजून एक सांगतो. २०१६ च्या जानेवारीत जी येळवस झाली ती आठवा. रब्बी गेलेली. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. शेतात हिरवं पान नव्हतं. आमच्या मायनं बाजारातून शेंगा आणल्या, अंबील केली, आन् भेगाळल्या रानात चर, म्हंजी पिकाचा निवद, शिंपला. "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत बाप पुढं, आमी मागं. शिंपायला पीकच नव्हतं. ढेकळावर शिंपला. पांडव कोपायचे तर तवाच कोपले असते.

चुलीजवळची

माझं वय अठ्ठावन्न. छत्तीस येळवशी केल्या, त्यामुळे मला बोलू द्या.

सूनबाई, तुझा खांदा दुखतो हे खरं. पण तू जे फेकायला निघाली आहेस त्यात माझ्या आवडीचंही काही आहे. ती सोलायची रात्र. वर्षात तेवढी एकच रात्र आमच्या घरातल्या पाच बायका एका सुपाभोवती बसतात आणि कोणी "चहा टाक" म्हणून हाक मारत नाही. माझ्या सासूबाई चोवीस तास हुकूम सोडणाऱ्या. त्या रात्री मात्र त्यांनी मला त्यांच्या दोन गेलेल्या लेकरांचं सांगितलं होतं. हातात शेंगा होत्या म्हणून सांगता आलं. समोरासमोर बसून त्यांनी कधीच सांगितलं नसतं.

दुसरं, विकतची भज्जी मी खाल्ली आहे. चुका नाही, बोरं नाहीत, वाटाणा शीतकपाटातला. चिंच घालून आंबट केली की झाली भज्जी असं त्यांना वाटतं.

आणि खरी मेख तू लिहिलीसच, पण पुढं गेलीस. चाळीस पानं. आमच्या लग्नाच्या वेळी बारा-पंधरा असायची. घरचे, सालगडी, वाटेवरचा कोणी. आता आमचे हे बँकेतले सगळे, त्यांच्या मित्रांचे मित्र, मुलाचे क्लासमधले. (बँकेला ती स्थानिक सुट्टी लागू नसते, तरी दुपारी बरोब्बर हजर.) आमंत्रण द्यायला तोंड लागतं, सोलायला नखं. भज्जी विकत आणू नकोस, आमंत्रणं कमी करायला लाव.

पुण्यातला लातूरकर

काकू, शंभर टक्के. मी हेच म्हणत होतो.

चुलीजवळची

नाही, तू हे म्हणत नव्हतास.

बांधावरचा

आमंत्रणं कमी करा म्हणणाऱ्या काकूंना नमस्कार करून वेगळं काही सांगतो. कमी केली तर पहिलं नाव आमचंच कटतं.

आम्हाला शेत नाही. वडील सालगडी होते. येळवशीच्या आधी कोपी वडील बांधायचे, आई आतली जागा सारवायची, पाच दगड चुन्यानं रंगवून मांडायची. जेवण मिळायचं, पोटभर मिळायचं, ते मी नाकारत नाही. येळवशीला आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही हे आमच्या मालकानं पाळलं. पण आमची पंगत शेवटची, बांधाकडेची, आणि भज्जी तळाची. तळाची भज्जी थोडी लागलेली असते. मला आजही लागलेलीच आवडते, आता याला काय म्हणायचं ते म्हणा.

तेव्हा "घरची परंपरा, विकतचं नको" हे ऐकलं की मला हसू येतं. येळवशीतलं निम्मं काम पहिल्यापासून विकतचंच होतं. कोपी, सारवण, बैलगाडी जुंपणं, पाणी भरणं, संध्याकाळी हेंडगा, म्हणजे पलिता, पेटवून धावणं, हे सगळं सालावर घेतलेला माणूस करायचा. चुलीवरचं तेवढं घरचं राहिलं, कारण चुलीवरच्या बाईला साल ठरवून कोणी ठेवलं नव्हतं.

मी लातुरात नोकरी करतो. दरवर्षी कोणी ना कोणी बोलावतं. गेलो की आधी कोपी बघतो, कशी बांधली आहे. गेल्या वर्षी एकाकडे हिरव्या शेडनेटची होती. बरी नव्हती. मी उतरवून परत बांधली.

उमरगा सीमाभाग

मूळ वादात पडत नाही, आमच्याकडे भज्जी आईच करते आणि तिच्यापुढे बोलायची माझी टाप नाही. पण "वेळा" म्हणजे वेळ-काळ असं कोणी समजू नये. पलीकडे कर्नाटकात हीच अमावास्या एळ्ळ अमावास्या म्हणून होते. एळ्ळ म्हणजे तीळ. आपल्याकडे त्या दिवशी तिळाची पोळी का, ते बघा. काहीजण एळु, म्हणजे सात, धरतात आणि सातवी अमावास्या सांगतात. चैत्रापासून मोजली तर ती नववी येते, सातवी करायची तर ज्येष्ठापासून, म्हणजे पेरणीच्या महिन्यापासून मोजावं लागतं. आपण चर शिंपतो, ते चरग चेल्लतात. शब्दही तोच, शेतही तेच, मध्ये फक्त सीमा.

जालनेकर

आमच्या जालन्याकडे हे काहीच नाही. लातूरला नोकरीत होतो तेव्हा पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नाही, डबा आणला नव्हता, सगळ्या खानावळी बंद. दुपारी तीनपर्यंत उपाशी. मग घरमालकांनी शेतातून फोन केला. तेव्हापासून अंबील म्हटलं की मी कुठेही येतो. घरची, विकतची, माझी हरकत नाही.

गटाची अध्यक्षा

मी विकतवाली. म्हणजे आमचा बचत गट येळवशीच्या ऑर्डरी घेतो.

काकूंना आधी सांगते, आमच्या भज्जीत चुका असतो आणि बोरंही असतात. सगळ्यांना एका झाऱ्यानं मारू नका.

आता औशाच्या सूनबाईंना. तुमची ऑर्डर आली तर आनंदानं घेऊ. पण तुमचं पहाटे तीनचं उठणं त्यानं नाहीसं होत नाही, ते आमच्याकडे येतं. आम्ही नऊ जणी आदल्या रात्री अकराला चूल पेटवतो, सकाळी नऊला शेवटचा डबा जातो. मग घरी जाऊन घरच्यांसाठी परत तेच. गेल्या साली मी शेतात पोचले तेव्हा चर शिंपून झाला होता.

हे रडगाणं नाही. त्या एका दिवसाच्या पैशात माझ्या मुलीची कॉलेजची फी निघाली. घरी पंचवीस वर्षं हलवली, "गुठळी राहिली बघ" एवढंच मिळालं.

पुण्यातला लातूरकर

हे वाचून आता काय लिहावं ते सुचत नाही.

चुलीजवळची

अध्यक्षाबाई, झाऱ्याचं मान्य. चूक माझी. तुमची बोरं बिया काढून की बियांसकट?

गटाची अध्यक्षा

बियांसकट. बिया काढल्या तर तुम्हीच म्हणाल विकतची आहे.

कडबा पेंढी

आमच्याकडं बी बियांसकट. दातानं कळतं बोर हाय ते.

औशाची सून

दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण घरात रोज वेगळंच चाललं होतं.

अध्यक्षाताई, तुमचं वाचून मी जरा वरमले. मी माझी झोप मोजली, तुमची मोजली नव्हती. तरी माझं मत बदललं नाही. तुम्ही मोबदला घेऊन जागता, मी फुकट जागून वर बोलणी खाते, यात फरक आहे आणि तो तुम्हीच सांगितलात.

काकू, सोलायच्या रात्रीचं वाचून मात्र मी गप्प झाले. आमच्याकडे तशी रात्र होतच नाही. सासूबाई टीव्हीसमोर, जाऊबाई स्वयंपाकघरात, मी गच्चीवर फोन चार्जिंगला लावून. तिघी तीन सुपं घेऊन. ती रात्र वाचवायची तर आधी ती असायला हवी.

बांधावरचे दादा, आमची कोपी बघायला या. सावधपणे या, यंदा नवऱ्यानं बांधायची म्हटली आहे.

आता निकाल. आज सकाळी सासूबाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, "पोळ्या सांग बाहेर. भज्जीला हात लावायचा नाही." मी म्हटलं, लावणार नाही, दीर हलवतील. दीर हसले. सासूबाई हसल्या नाहीत. "हलवू दे की, बाप हलवायचा त्याचा. दुष्काळात आम्ही तिघंच होतो येळवशीला, तेव्हा त्यानंच हलवली होती." हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. दिरांना तर नाहीच.

जाऊबाईंनी पैज लावली आहे की पहिल्या दहा मिनिटांत गुठळी होणार. मी गुठळीच्या बाजूनं पन्नास रुपये लावलेत.

आणि हो, पंचांग बघितलं तर २०२६ सालात येळवसच नाही. अधिक महिन्यामुळे पुढची थेट जानेवारी २०२७ मध्ये. २०२४ मध्ये दोनदा झाली होती, जानेवारीत आणि डिसेंबरात, तिची भरपाई म्हणा. म्हणजे यंदा भज्जी बिघडली तर वर्षभर ऐकायचं.

उमरगा सीमाभाग

गुठळीवर माझेही पन्नास.

गटाची अध्यक्षा

पोळ्यांची ऑर्डर सोमवारपर्यंत द्या. तिळाच्या वेगळ्या, कोंदीच्या वेगळ्या सांगा. नंतर घेत नाही, खरंच घेत नाही.

पुण्यातला लातूरकर

गुरुवारचीही रजा टाकली. दुपारच्या गाडीनं निघालो तर रात्री पोचतो. आईला अजून सांगितलं नाही.

चुलीजवळची

सांगू नकोस. सांगितलंस तर तुझ्यासाठी वेगळा स्वयंपाक करून ठेवेल. नखं वाढवून जा, तूर कोवळी असली की शेंग उघडत नाही.