ग्रामपंचायतीला पिकअप येते, लोकसभेला फोनसुद्धा नाही. तुमच्या गावात काय चित्र आहे?

कळव्याची_सून:
आमचं गाव शहापूर तालुक्यात, किन्हवलीच्या पुढे. लग्नाला अकरा वर्षं झाली, राहतो कळव्यात, पण ह्यांचं आणि माझं नाव अजून गावच्याच यादीत आहे. लोकसभेचं मतदान २० मे २०२४ ला, सोमवारी होतं. आम्ही शनिवारीच आसनगावला उतरून गावी गेलो.

मोठे भाऊजी शाळेबाहेरच्या टेबलावर चिठ्ठ्या द्यायला बसले होते. दुपारी डबा घेऊन गेले तेव्हा त्यांच्यापुढची यादी बघितली. येऊन गेलेल्या माणसाच्या नावावर पट्टी धरून लाल रेघ. बाकीच्या नावांपुढे पेन्सिलने एकेक अक्षर. 'ठा' म्हणजे ठाण्या-मुंबईला, 'म' म्हणजे मयत, 'भ' म्हणजे वीटभट्टीवर. कातकरवाडीची नावं होती ते अख्खं पान 'भ'ने भरलेलं. मी विचारलं, "ह्यांना कुणी निरोप दिला का?" भाऊजी म्हणाले, "आता काय ग्रामपंचायत आहे का?"

मागच्या ग्रामपंचायतीला ह्याच माणसांना आणायला रात्रीच्या दोन पिकअप भिवंडीकडच्या भट्ट्यांवर गेल्या होत्या. आमच्या वॉर्डाचा निकाल अकरा मतांनी लागला. तेव्हा शंभरातले नव्वद लोक मतदानाला आले. लोकसभेला निम्म्याच्या थोडे वर.

आणखी एक. त्या दिवशी पाण्याचा टँकर अकराला आला. जाऊबाई आणि आळीतल्या बायका सकाळपासून हंडे लावून बसलेल्या, त्यामुळे त्या मतदानाला गेल्या तीनच्या उन्हात. भातसा आणि तानसा दोन्ही धरणं आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला, आणि मे महिन्यात आम्ही टँकरची वाट बघतो. ह्याच कारणासाठी मत द्यायला हवं असं मला वाटतं. पण जाऊबाई म्हणाल्या, "सरपंचाला दारात जाऊन विचारता येतं. खासदाराला कुठं शोधू?" ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि निकालानंतर तालुक्यात बोललं जातं की ते गाव अमक्या पक्षाचं. ते 'भ'चं पान वगळून गाव कुठल्या पक्षाचं हे ठरतंच कसं? तुमच्याकडेही असंच आहे का? आणि ह्यावर काही करता येतं का?

निवृत्त_गुरुजी:
ताई, तीस वर्षं शिक्षक होतो, निवडणुकीच्या ड्युट्या पुष्कळ केल्या. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर होत नाही, तिथे पॅनल असतात. भावकी, आळी, बांधाचं भांडण, रस्ता कुणाच्या दारावरून गेला, ह्यावर मत ठरतं. एकाच पॅनलमधली दोन माणसं लोकसभेला समोरासमोरच्या पक्षांची टेबलं मांडून बसलेली मी पाहिली आहेत. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या निकालावरून गावाचा पक्ष ठरवू नये.

लोकसभा-विधानसभेचा कल मात्र लपत नाही. मशीनची मोजणी बूथनिहाय होते आणि फॉर्म २० मध्ये प्रत्येक बूथचे आकडे जाहीर होतात. मोठ्या शहरात त्यानं काही बिघडत नाही, पण वाडीचा एकच बूथ असेल तर सगळ्यांना कळतं की ह्या वाडीनं आपल्याला दिलं नाही. मग रस्त्याची फाइल मागे पडेल ही भीती माणसाच्या मनात बसते. अनेक बूथची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ साली दिला होता, तो अजून अमलात नाही. भीतीपोटी घरी बसलेली माणसं मी ओळखतो, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

गाड्यांचं म्हणाल तर लोकसभा-विधानसभेला उमेदवारानं मतदारांची फुकट ने-आण करणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(५) प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे. गाडी आली नाही हा दोष नव्हे. निरोपही गेला नाही, हा मात्र दोषच.

मुरबाडचा_भाऊ:
मी वाड्यांवर फिरतो म्हणून सांगतो. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. लोकसभा मे महिन्यात म्हणजे नेमकी त्यांच्या गैरहजेरीत. विधानसभा २० नोव्हेंबर २०२४ ला झाली, दिवाळी होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तरी आमच्याकडची काही कुटुंबं निघून गेलेली होती.

गुरुजींनी सांगितलेल्या त्याच कायद्याच्या कलम १३५ ब प्रमाणे मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते, रोजंदारीवाल्यालाही. पण मालकाला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये. आणि अंगावर उचल असलेला माणूस सुट्टी मागणार कुणाकडे? त्यांना मतदान नको असतं हे मात्र खोटं. आमच्या वाडीतली एक आजी मतदार कार्ड तांदळाच्या डब्यात, पिशवीत गुंडाळून ठेवते.

डोंबिवलीकर_७२:
वहिनी, कल्याण मतदारसंघात लोकसभेला मतदान निम्म्याच्या आसपास होतं. आमच्या सोसायटीच्या खाली बूथ, तरी लोक सुट्टी जोडून फिरायला गेले. तुम्ही राहता कळव्यात, मग फॉर्म ८ भरून नाव इकडे आणा. नाव राहत्या ठिकाणी असावं हाच नियम आहे.

कळव्याची_सून:
गुरुजी, फॉर्म २० चं माहीत नव्हतं. काल शोधून बघितला, आमच्या शाळेचा बूथ मिळाला. जाऊबाईंना फोनवर आकडे वाचून दाखवले. त्या आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "एवढं सगळं दिसतं होय?"

डोंबिवलीकर, तुमचं पटतं. नियमानं नाव इकडेच हवं, ह्यांच्याशी बोलून फॉर्म भरते. गावचं मत सोडताना जीवावर येतंय, पण गावच्या टँकरचे हाल कळव्यात बसून मी सोसत नाही, हेही खरं.

मुरबाडच्या भाऊंनी लिहिलेलं ह्यांना वाचून दाखवलं. रविवारी गावी जाऊन भाऊजींकडून ती यादी मागून घेतली. 'भ' लिहिलेली सत्तावीस नावं आहेत. कातकरवाडीत बसून नऊ जणांचे नंबर मिळाले. दोन नंबर लागत नाहीत.