कंपनीने आमच्या समितीतल्या निम्म्याच लोकांना चर्चेला बोलावलंय, हे असं का करतात?

ओढ्याकाठचा:
नमस्कार मंडळी. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एमआयडीसी आहे आणि तिथली एक केमिकल कंपनी पावसाळ्यात रात्रीचं पाणी ओढ्यात सोडते अशी आमची तीन वर्षांपासूनची तक्रार आहे. प्रदूषण मंडळाची माणसं आली, सॅम्पल नेलं, पुढे काही नाही. आता दोन महिन्यांत शाळेला बेंच आले, डोळे तपासणीचं शिबिर झालं, पेपरात मोठी जाहिरात आली आणि गेल्या आठवड्यात 'संवाद बैठकी'चं बोलावणं आलं, पण अकरा जणांच्या समितीतल्या फक्त पाच जणांना. निवृत्त हेडमास्तर, डॉक्टर, बचत गटाच्या ताई वगैरे. ज्या दोघांनी आरटीआय टाकलेत त्यांना नाही. त्यावरून आमच्यातच भांडणं लागलीत, जायचं म्हणणारे आणि नाही म्हणणारे आता एकमेकांशी बोलत नाहीत. ही पद्धत ठरलेली असते का? कुणाला माहिती असेल तर सविस्तर लिहा, बैठक जवळ आलीय.

सुनंदा_प:
दादा, ठरलेलीच असते, आणि ती कुणीतरी उघड बोलूनही दाखवलीय. अमेरिकेत माँगोव्हन, बिस्को अँड डुशिन नावाची पीआर फर्म होती, काम हेच की कंपन्यांच्या विरोधात जे लोक उभे राहतात त्यांचं काय करायचं. त्यातल्या रोनाल्ड डुशिनने १९९१ मध्ये तिथल्या गुरं पाळणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेपुढे भाषण केलं त्यात विरोधकांचे चार प्रकार सांगितले. कट्टर, संधिसाधू, आदर्शवादी आणि व्यवहारी. कट्टर लोकांना एकटं पाडायचं. आदर्शवादी माणसं मनापासून आलेली असतात, लोकांचा विश्वास त्यांच्यावर असतो, म्हणून त्यांना 'समजावून' व्यवहारी करायचं. व्यवहारी माणसांशी तडजोड करून टाकायची. संधिसाधूला थोडंसं जिंकल्यासारखं वाटू द्यायचं. आता तुमची पाच जणांची यादी परत वाचा, हेडमास्तर आणि डॉक्टर का आले आणि आरटीआयवाले का वगळले ते लगेच कळेल.

ही माणसं शिकली कुठे तर नेस्लेच्या कामात. बाळांच्या पावडरच्या दुधाची गरीब देशांतली जाहिरात हा विषय होता, अशुद्ध पाण्यात कालवलेलं दूध पिऊन बाळं आजारी पडत होती, मरत होती. १९७७ मध्ये अमेरिकेत बहिष्कार सुरू झाला. कंपनीने त्याआधीच अंगावर जाऊन बघितलं होतं, स्वित्झर्लंडमध्ये कार्यकर्त्यांवर बदनामीचा दावासुद्धा केला होता, त्याने उलट गाजावाजा वाढला. मग राफेल पगान नावाचा माणूस आणला. त्याने चर्चच्या मंडळींशी वेगळं बोलणं लावलं कारण बहिष्काराचं नैतिक वजन चर्चमुळे होतं. मग स्वतःवर लक्ष ठेवायला बाहेरच्या लोकांचं कमिशन नेमलं, अध्यक्ष एक माजी परराष्ट्रमंत्री. १९८४ मध्ये बहिष्कार थांबला आणि १९८८ मध्ये परत सुरू करावा लागला, कारण दुधाचे फुकट डबे दवाखान्यांत जातच होते.

मी_खेडकर:
आमच्या तालुक्यातलंच सांगतो. चाकणजवळ शिंदे वासुलीत डाऊ केमिकल संशोधन केंद्र बांधत होती, गायरान जमिनीवर. २००८ च्या सुरुवातीला गावाने रस्ता अडवला. वारकरी मंडळी उतरली, बंडातात्या कराडकर पुढे होते. कंपनी सांगायची हे फक्त संशोधन आहे, उत्पादन नाही, काळजी करू नका, पण लोकांचा साधा प्रश्न होता की कोणकोणती रसायनं आणणार ती यादी द्या. आणि डाऊ म्हटल्यावर भोपाळ डोळ्यासमोर येणारच, युनियन कार्बाइड त्यांनी २००१ मध्ये घेतली होती. जुलै २००८ मध्ये बांधकामाच्या जागेवर जाळपोळ झाली. ती मला तेव्हाही पटली नव्हती आणि आजही पटत नाही, कारण नंतर कितीतरी दिवस चर्चा जाळपोळीचीच, रसायनांच्या यादीचं नावच नाही. तरी गाव फुटलं नाही आणि २०१० मध्ये कंपनीने तिथून काढता पाय घेतला. गाव का फुटलं नाही, तर माझ्या मते पोलिसांत नाव असलेला पोरगा आणि माळकरी म्हातारा एकाच चटईवर बसत होते.

सुनंदा_प:
भोपाळचं राहिलं. १९८४ च्या वायुगळतीनंतर कार्बाइडने बर्सन-मार्स्टेलर ही बडी पीआर फर्म लावली होती. १९८८ मध्ये तर कंपनीच्या पैशाने नेमलेल्या सल्लागारांनी मांडलं की चिडलेल्या एका कामगाराने मुद्दाम विषारी रसायनाच्या टाकीत पाणी सोडलं. म्हणजे बंद पडलेलं रेफ्रिजरेशन, बंद स्क्रबर (गळलेला वायू निकामी करणारं यंत्र), कमी केलेली माणसं हे सगळं बाजूला आणि एक बिननावाचा कामगार पुढे. आणि विकिलीक्सने २०१२ मध्ये स्ट्रॅटफॉर नावाच्या, गुप्त माहिती गोळा करून विकणाऱ्या खासगी कंपनीचे ईमेल बाहेर काढले त्यात दिसलं की भोपाळच्या कार्यकर्त्यांनी कुठे काय केलं, काय बोलले याची टिपणं डाऊला जात होती. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकच्या स्टेडियमला डाऊच्या पैशाचं आवरण लागलं. ऑलिंपिकच्या पर्यावरणाच्या आणि सामाजिक बाबींवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगातल्या मेरेडिथ अलेक्झांडर यांनी त्यावरून राजीनामा दिला, तेव्हा कुठे जगाच्या पेपरांत भोपाळ परत आलं. ज्या बायका पंचवीस-सत्तावीस वर्षं ओरडत होत्या त्यांच्याकडे तोवर कुणी बघत नव्हतं याचा मला अजून राग येतो.

प्रशांत_रोहा:
एक वेगळं मत मांडू का. मी केमिकल कंपनीत ईटीपीवरच, म्हणजे सांडपाणी साफ करणाऱ्या प्लांटवर, काम केलंय. प्रत्येक बैठक सापळा नसते, आतही एखादा इंजिनियर असतो ज्याला खरंच पाणी साफ करायचं असतं आणि बाहेरून दबाव आला तरच त्याचं बजेट पास होतं. नुसतं 'जाऊ नका' सांगितलं तर तोही हरतो. बेंच आणि शिबिराबद्दल तिथे अवाक्षर काढू नका, आभारही मानू नका आणि टोमणेही मारू नका. फक्त कन्सेंटची (प्रदूषण मंडळाच्या परवानगीची) प्रत, ईटीपीचं लॉगबुक आणि आउटलेटच्या मीटरचं रीडिंग मागा. पावसाळ्यातल्या रात्रीच्या तारखा लिहून न्या. पीआरवाल्या माणसाकडे या तीन गोष्टींचं उत्तर नसतं, त्याला प्लांटमधल्या कुणाला तरी बोलवावंच लागतं.

ओढ्याकाठचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. सुनंदाताई, तुमचा रिप्लाय काल रात्री हेडमास्तरांना वाचून दाखवला. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले मला वाटलं माझा मान ठेवला. मला फार वाईट वाटलं ते ऐकून, माणूस खरंच चांगला आहे. सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने कंपनीला पत्र लिहिलं की येऊ तर अकराही जण येऊ, बैठक गावात ग्रामपंचायतीत घ्या, आणि प्रशांत यांनी सांगितलेले तीन कागद आधी द्या. आरटीआयवाल्या दोघांनी खाली सही केली. उत्तर आलं की इथे टाकतो.